खरी दोस्ती

तरुण वयात लागणारे व्यसन हा आज घराघरातील काळजीचा विषय झाला आहे. व्यसन कसे लागते, ते सुटते का, आणि ते आपल्या मित्राला लागले असेल तर आपण काय करावे, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात एका शाळेतील प्रसंगाच्या आधारे केला आहे.

२६ जून हा दिवस जगभर अमली पदार्थविरोधी दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ साली तसा ठराव केला. मालेगावच्या आमच्या शाळेतही त्या दिवशी कार्यक्रम होतो. मुले फलक रंगवतात, घोषणा देत फेरी काढतात आणि शेवटी सर्वजण शपथ घेतात.

या वर्षी मी नववीच्या वर्गात एक वेगळी गोष्ट केली. खडूचा रिकामा खोका टेबलावर ठेवला आणि मुलांना म्हणालो, "नशा या विषयावर तुमच्या मनात जो प्रश्न असेल तो चिठ्ठीवर लिहा. नाव लिहू नका."

दहा मिनिटांत खोका भरला. मी एकेक चिठ्ठी उघडून वाचू लागलो. 'बिअर म्हणजे दारूच का?' 'एकदाच घेतले तर काय होते?' 'नशा करणारा माणूस स्वतःहून का सोडत नाही?' असे बरेच प्रश्न होते. तळाशी एक चिठ्ठी होती. ती चार घड्या घालून अगदी लहान केलेली होती. तिच्यात लिहिले होते, 'सर, आपला दोस्त नशा करत असेल तर त्याच्या घरी सांगावे का? ती चुगली होईल ना?'

मी ती मोठ्याने वाचली. एरवी गलबला करणारा वर्ग एकदम शांत झाला. कोणी कोणाकडे पाहीना.

"हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "त्याचे उत्तर उद्या मिळेल. उद्या एक पाहुणे आपल्याकडे येणार आहेत. आज आपण आधी नशा म्हणजे काय ते समजून घेऊ."

मी फळ्यावर एक शब्द लिहिला : दारू.

"उर्दूत आपण 'दवादारू' म्हणतो. तिथे दारूचा अर्थ काय?"

"दवा! इलाज!" मुले म्हणाली.

"बरोबर. फारसी भाषेत दारू म्हणजे औषध. मराठीत मात्र दारू म्हणजे शराब. आणि फटाक्यात भरतात तिलाही मराठीत दारूच म्हणतात." मुले हसली. मी दुसरा शब्द लिहिला : गर्द. "याचा अर्थ?"

"धूळ!"

"उर्दूत धूळ. मराठीत 'गर्द झाडी' म्हणजे दाट झाडी. पण गर्द या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. ब्राऊन शुगर नावाच्या विषारी भुकटीलाही गर्द म्हणतात. १९८० नंतरच्या काळात मुंबई-पुण्यात ही भुकटी पसरली आणि तिने कितीतरी तरुणांच्या आयुष्याची धूळधाण केली."

मग मी त्यांना गर्दची कुळकथा सांगितली. खसखशीच्या बोंडांतून निघणाऱ्या चिकापासून अफू तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फीन वेगळे काढण्यात आले. मोठ्या दुखण्यात वेदना शमवण्यासाठी डॉक्टर आजही ते जपून वापरतात. पुढे मॉर्फीनपासून हेरॉईन तयार झाले. १८९८ मध्ये एका जर्मन कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले! थोड्याच वर्षांत लोकांना त्याची घातक सवय लागते हे उघड झाले आणि ते औषधांतून काढून टाकावे लागले. गर्द म्हणजे या हेरॉईनचेच अशुद्ध रूप होय.

"म्हणजे औषधच विष झाले, सर?" एका मुलाने विचारले.

"काही वेळा तसेच होते. झोपेच्या किंवा मनाची अस्वस्थता कमी करणाऱ्या गोळ्या पाहा. डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रमाणात, ठरवलेल्या दिवसांपुरत्या घेतल्या तर त्या औषध आहेत. चिठ्ठीशिवाय, मनाला येईल तशा घेतल्या तर त्याच गोळ्या माणसाला गुलाम करतात. आपल्या भागात अशाच एका गोळीला 'कुत्ता गोळी' असे वाईट नाव पडले आहे. काही खोकल्याच्या औषधांचीही हीच गोष्ट. तेव्हा 'ही तर दुकानात मिळणारी दवा आहे,' असे कोणी म्हटले तर फसू नका."

"पण सर, माणूस सोडत का नाही?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

मी सांगितले, "आपण चांगले जेवलो, खेळात जिंकलो, कोणी शाबासकी दिली, की मेंदूत आनंदाची भावना निर्माण होते. नशेचा पदार्थ मेंदूला फसवतो. काहीही न करता तो आनंदाचा खोटा पूर आणतो. पुन्हा पुन्हा असे झाले की मेंदू त्या पदार्थाची वाट पाहू लागतो. मग पहिल्याइतका परिणाम व्हायला जास्त मात्रा लागते. पदार्थ मिळाला नाही तर अंग दुखते, हात थरथरतात, झोप उडते, चिडचिड होते. मराठीत याला तलफ येणे म्हणतात. तुमच्या ओळखीचा 'तलब' हा शब्द इथे आठवा. अशा वेळी माणूस मजेसाठी नशा करत नाही. त्रास टाळण्यासाठी करतो. म्हणूनच व्यसन हा एक आजार आहे, असे डॉक्टर सांगतात. माणसाचा मेंदू पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. त्यामुळे तुमच्या वयात सुरू झालेली नशा लवकर पकडते आणि उशिरा सोडते."

बिअरच्या प्रश्नाचेही उत्तर दिले. बिअर असो, वाईन असो की देशी दारू असो, सर्वांत मद्यार्क एकच असतो. प्रमाण तेवढे कमीअधिक. दारूमुळे यकृत खराब होते, स्मरणशक्ती कमी होते, पोटातली आणि घशाची दुखणी होतात. विषारी दारू तर डोळे आणि जीव दोन्ही घेते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी भागात विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक जण हातावर पोट असलेले होते.

तास संपला. घंटा झाली तरी मुले बसून होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, बोलणे सावकाश. मी ओळख करून दिली, "हे आपल्याच शाळेचे जुने विद्यार्थी. आयटीआय पूर्ण करून आज वायरमनचा व्यवसाय करतात. कालच्या चिठ्ठीचे उत्तर हे देतील."

पाहुण्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि उभ्यानेच बोलायला सुरुवात केली.

"बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. याच शाळेत दोन मित्र होते. एकाचे वडील शिंपी, दुसऱ्याचे वडील विणकर. दोघे एका बाकावर बसायचे, एका डब्यात जेवायचे. दोघे दहावीत गेले त्या वर्षी विणकराचे वडील आजारी पडले. घरी कमावणारे दुसरे कोणी नव्हते. मुलगा शाळा सुटली की कारखान्यात कांड्या भरायला जाऊ लागला. घरी यायला मध्यरात्र व्हायची. अंथरुणावर पडले तरी कानांत यंत्रमागांची खटखट चालूच असायची. झोप येत नव्हती. कारखान्यातल्या एका मोठ्या माणसाने त्याला एक छोटी गोळी दिली. 'ही घे, गाढ झोप लागेल,' तो म्हणाला. आणि खरेच गाढ झोप लागली."

पाहुणे क्षणभर थांबले. "मुलांनो, त्या रात्री त्या मुलाला काही वाईट वाटले नाही. उलट बरे वाटले. हेच लक्षात ठेवा. नशा पहिल्या दिवशी राक्षसासारखी दिसत नाही. ती मदतीला आलेल्या माणसासारखी दिसते.

"काही आठवड्यांनी एक गोळी पुरेना. दोन झाल्या, मग चार झाल्या. पैसे लागू लागले. 'वह्या घ्यायच्या आहेत,' असे सांगून तो शिंप्याच्या मुलाकडून पैसे घेई. मग अम्मीच्या डब्यातले पैसे कमी होऊ लागले. वर्गात तो डुलक्या घेई. तेव्हा शाळेत एक नवीन सर आले होते. ते त्याला आळशी म्हणत आणि बाकावर उभे करत."

मी खाली पाहिले. ते नवीन सर मीच होतो. बी.एड. होऊन नुकताच रुजू झालो होतो. मुलगा वर्गात का झोपतो, हे विचारायचे मला सुचले नव्हते.

"एक दिवस शिंप्याच्या मुलाला त्याच्या दप्तरात गोळ्यांची पट्टी सापडली," पाहुणे पुढे सांगू लागले. "विणकराच्या मुलाने त्याचा हात धरला. 'कसम खा, कोणाला सांगणार नाहीस. अब्बांना कळले तर ते मरून जातील.' मित्राने कसम खाल्ली आणि चार महिने ती पाळली. त्याने गृहपाठ लिहून दिला. पैसे दिले. अम्मी चौकशी करायला आली, तर 'तो माझ्याकडे अभ्यास करत होता,' असे खोटे सांगितले. त्याला वाटत होते, आपण दोस्ती निभावतो आहोत."

"भाई, मग काय झाले?" कोणीतरी न राहवून विचारले.

"मग त्याने एक बेत केला. आपण दोघेच हे व्यसन सोडवू, घरी कळायलाच नको, असे त्याला वाटले. सहामाही परीक्षेनंतरची सुट्टी होती. शिवणकामाच्या दुकानावर एक खोली होती. दोघे अभ्यासाच्या निमित्ताने तिथे राहिले. गुरुवारी रात्रीपासून गोळी बंद. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, म्हणून कामाचीही काळजी नव्हती. दिवसभर मुलगा घामाने भिजत होता, थरथरत होता, भिंतीवर डोके आपटत होता. मित्र त्याला पाणी देत होता, 'थोडे सहन कर' म्हणत होता. शनिवारी सकाळी त्या मुलाचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले आणि त्याला झटके येऊ लागले."

वर्गात कोणी हालत नव्हते.

"शेजाऱ्यांनी रिक्षातून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, 'याने काय घेतले होते?' अम्मी म्हणाली, 'काही नाही, माझा मुलगा तसा नाही.' अब्बा भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टर मित्राकडे वळले. 'तुला माहीत असेल तर बोल. वेळ नाही.' त्या मुलाने एकदा आपल्या मित्राकडे पाहिले, एकदा त्याच्या अब्बांकडे पाहिले. त्याने कसम खाल्ली होती. तरी त्याने सगळे सांगितले. कोणती गोळी, किती, केव्हापासून, केव्हा बंद केली, सगळे. डॉक्टरांना कारण कळले म्हणून त्यांना योग्य औषध देता आले. नंतर त्यांनी समजावले की, अशा गोळ्या एकदम बंद केल्या तर असे झटके येऊन जीवही जाऊ शकतो. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. दारू फार दिवस पिणाऱ्यालाही ती एकाएकी बंद करताना असाच धोका असतो. म्हणून खोलीत कोंडून व्यसन सोडवायला जाऊ नये."

"मग तो मुलगा बरा झाला?"

"शुद्धीवर आल्यावर तो काय म्हणाला माहीत आहे? 'तू चुगलखोर आहेस. आपली दोस्ती संपली.' त्याने मित्राचे तोंड पाहायचे नाही असे ठरवले. पुढे त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. काही आठवडे तिथे राहून तो घरी आला. दोन महिन्यांनी पुन्हा घसरला. पुन्हा उपचार घ्यावे लागले. दहावीचे एक वर्ष वाया गेले. त्या सगळ्या वर्षात शिंप्याचा मुलगा दर शुक्रवारी त्याच्या घरी जायचा. दार उघडले जात नसे. तो आपल्या वह्या दाराशी ठेवायचा आणि परत जायचा. त्याच वह्यांवरून अभ्यास करून विणकराचा मुलगा पुढच्या वर्षी दहावी पास झाला."

एका मुलाने हात वर केला. "सर, व्यसनमुक्ती केंद्रात काय करतात? मारतात का?"

त्याचे उत्तर मी दिले. "नाही. चांगल्या केंद्रात मारहाण नसते. पुण्याचे मुक्तांगण हे केंद्र १९८६ साली सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी ते उभे केले. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले होते. ते वाचून लेखक पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देशपांडे यांनी या कामाला मोठी मदत केली. अशा केंद्रात आधी औषधांनी शरीराचा त्रास कमी करतात. मग रुग्णाशी बोलतात, त्याला व्यायाम आणि काम देतात, घरच्या माणसांनाही समजावतात. घरी गेल्यावरही त्याच्याशी संपर्क ठेवतात. कोणी घसरला तर त्याला हाकलून देत नाहीत, पुन्हा हात देतात.

"दुसरे उदाहरण सांगतो. १९३५ साली अमेरिकेत दारूच्या आहारी गेलेली दोन माणसे एकमेकांना भेटली. एक होता शेअर बाजारात काम करणारा, दुसरा होता डॉक्टर. दोघांनी आपापली गोष्ट न लपवता एकमेकांना सांगितली आणि एकमेकांना सावरले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही संघटना उभी राहिली. तिच्या सभा आज आपल्या देशातही भरतात. तिथे व्यसनी माणसे आपले दुःख मोकळेपणाने सांगतात. लपवल्याने व्यसन वाढते. सांगितल्याने सुटण्याची वाट सापडते."

"पण पोलीस पकडणार नाहीत का?" दुसऱ्याने विचारले.

"हीच भीती अनेकांना गप्प बसवते," मी म्हणालो. "अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे. तो विकणाऱ्यांसाठी फार कडक आहे. पण जो व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार होतो, त्याला नशा केल्याबद्दलच्या खटल्यातून सूट मिळण्याची तरतूदही त्यात आहे. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार लहान मुलांना दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे मुलाच्या हातात गोळी ठेवणारा गुन्हेगार आहे. आजारी मुलाला मात्र मदतीची गरज आहे. घरी बोलण्याचे धाडस होत नसेल, तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत दूरध्वनी क्रमांकावर किंवा मुलांसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर बोला."

आता पहिल्या बाकावरचा मुलगा उठला. "भाई, एक विचारू? चुगली करणे तर गुनाह आहे. तुम्ही कसम मोडली तेव्हा तुम्हाला वाईट वाटले नाही?"

पाहुणे हसले. त्यांनी शर्टाच्या बाहीवरून हात फिरवला.

"चुगली वाईटच आहे, बेटा. दोन माणसांत भांडण लावण्यासाठी, कोणाची बदनामी करण्यासाठी इकडचे तिकडे सांगणे म्हणजे चुगली. विहिरीत पडलेल्या माणसासाठी आरडाओरड करणे म्हणजे चुगली नव्हे. सांगताना एवढेच पाहावे, की आपण कोणाला सांगतो आणि कशासाठी सांगतो. गल्लीत सांगितले तर चुगली. आईवडिलांना, शिक्षकांना, डॉक्टरांना सांगितले तर मदत."

ते थोडे थांबले. मग म्हणाले, "आणि कसम मी मोडली नाही. कसम मोडणारा तो शिंप्याचा मुलगा आज स्वतःचे दुकान चालवतो. हा शर्ट त्यानेच शिवला आहे. आज तुमच्याकडे येणार म्हणून काल रात्री बसून पुरा करून दिला. ज्याच्या दाराशी तो वह्या ठेवायचा, तो मुलगा मी आहे."

वर्ग त्यांच्याकडे पाहतच राहिला.

"मी त्याच्याशी एक वर्ष बोललो नाही," पाहुणे म्हणाले. "तो गप्प राहिला असता तर मला राग आला नसता, कारण रागवायला मी उरलोच नसतो. मला एकाच गोष्टीचे वाईट वाटते. त्याने ती पट्टी पाहिली त्याच दिवशी सांगितले असते, तर अम्मीचे कितीतरी अश्रू वाचले असते. आणि माझ्या हातात गोळी ठेवली तेव्हा मी 'नको' म्हटले असते, तर कोणाला काही सांगावेच लागले नसते. 'नको' हा दोन अक्षरांचा शब्द आहे. मराठीत जो शब्द तुम्ही सर्वांत आधी शिकलात, तोच सर्वांत जास्त उपयोगी आहे."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी हजेरीपट आवरत होतो. सगळी मुले गेली होती. दारात एक मुलगा उभा होता. त्याने दप्तर छातीशी घट्ट धरले होते.

"सर," तो हळूच म्हणाला, "ती चार घड्यांची चिठ्ठी माझी होती."

मी हजेरीपट मिटला आणि त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

शब्दार्थ

अमली पदार्थ – नशा आणणारे पदार्थ
घोषणा – नारा
गलबला – गोंगाट, शोर
धूळधाण – पूर्ण नाश, बरबादी
मात्रा – औषधाचे ठरलेले प्रमाण, खुराक
तलफ – नशेची तीव्र इच्छा, तलब
मद्यार्क – दारूतील नशा आणणारा अंश
यकृत – जिगर
विणकर – कापड विणणारा, बुनकर
यंत्रमाग – विजेवर चालणारा माग, पॉवरलूम
कांडी – विणताना आडवा धागा पुरवणारी, सूत गुंडाळलेली लहान नळी
बेत – ठरवलेली योजना, इरादा
तरतूद – कायद्यात केलेली सोय
सक्तमजुरी – कष्टाच्या कामासह कैद

वाक्प्रचार

हातावर पोट असणे – रोज काम करून रोजचे पोट भरणे
आहारी जाणे – एखाद्या गोष्टीच्या पूर्ण ताब्यात जाणे
दोस्ती निभावणे – मैत्रीचे कर्तव्य पार पाडणे
तोंड न पाहणे – संबंध तोडणे
हात देणे – मदत करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अमली पदार्थविरोधी दिन केव्हा पाळला जातो?
(आ) फारसी भाषेत 'दारू' या शब्दाचा अर्थ काय?
(इ) विणकराच्या मुलाने पहिली गोळी का घेतली?
(ई) शिंप्याचा मुलगा दर शुक्रवारी काय करत असे?
(उ) मुक्तांगण हे केंद्र कोणत्या साली सुरू झाले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) झोपेची गोळी औषध केव्हा असते आणि विष केव्हा होते?
(आ) व्यसन हा आजार आहे, असे डॉक्टर का म्हणतात?
(इ) दोन मित्रांनी खोलीत राहून व्यसन सोडवण्याचा केलेला प्रयत्न धोक्याचा का होता?
(ई) चुगली आणि मदत यांत पाहुण्यांनी कोणता फरक सांगितला?

३. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
'चार महिने शिंप्याच्या मुलाला वाटत होते, आपण दोस्ती निभावतो आहोत.' ती खरी दोस्ती होती का? तुमचे मत कारणांसह लिहा.

४. कोण, कोणाला म्हणाले ते लिहा.
(अ) "ही घे, गाढ झोप लागेल."
(आ) "कसम खा, कोणाला सांगणार नाहीस."
(इ) "तुला माहीत असेल तर बोल. वेळ नाही."
(ई) "तू चुगलखोर आहेस."

५. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(धूळ, यकृत, अफू, तलफ)
(अ) खसखशीच्या बोंडांतील चिकापासून ______ तयार होते.
(आ) दारूमुळे ______ खराब होते.
(इ) उर्दूत गर्द म्हणजे ______.
(ई) नशेचा पदार्थ मिळाला नाही की ______ येते.

६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
खरे, आजारी, उशिरा, गुलाम, मित्र, शांत

७. खालील शब्द उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आहेत. प्रत्येक शब्दाचा मराठीत वाक्यात उपयोग करा.
दोस्ती, चुगली, नशा, इलाज

८. खालील वाक्ये भविष्यकाळात लिहा.
(अ) मित्राने डॉक्टरांना सगळे सांगितले.
(आ) तो दाराशी वह्या ठेवतो.
(इ) मुले फलक रंगवतात.

उपक्रम

(अ) कोणी नशेचा पदार्थ पुढे केला तर 'नको' कसे म्हणाल? दोघादोघांच्या जोड्या करून असा संवाद मराठीत लिहा आणि वर्गात सादर करा.
(आ) तुमच्या वर्गात प्रश्नांचा एक खोका ठेवा. नाव न लिहिता प्रश्न टाका आणि शिक्षकांसोबत त्यांवर चर्चा करा.